नाण्यांची शाब्दिक उदाहरणं आणि दोन चलांतील समीकरणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली नववी-दहावीची मुलं, त्यांचे पालक आणि शिकवणी घेणारे यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. समीकरणं सोडवता येत नाहीत अशी तक्रार फार थोड्यांची असते. घोडं अडतं ते मांडणीवर. चलांसाठी, म्हणजे शोधायच्या संख्यांसाठी, इथे क्ष, य, झ ही अक्षरं घेतली आहेत. वहीत तुम्ही नेहमीची इंग्रजी अक्षरं लिहा, गणित तेच राहतं.

१. उदाहरणात गोष्ट एकच असते. मग दोन समीकरणं कुठून आणायची?

नाण्यांची मोजदाद दोन तऱ्हांनी होते. नाणी किती ते मोजता येतं आणि पैसे किती तेही मोजता येतं. म्हणजे एक हिशेब नगांचा, दुसरा पैशांचा. एका हिशेबाचं एक समीकरण.

उदाहरण घ्या. खानापूरच्या बसमधल्या कंडक्टरच्या पिशवीत २ रुपयांची आणि ५ रुपयांची मिळून ४० नाणी आहेत. सगळी मिळून १२५ रुपये होतात. प्रत्येक प्रकारची नाणी किती?

२ रुपयांच्या नाण्यांची संख्या क्ष आणि ५ रुपयांच्या नाण्यांची संख्या य मानू.

नगांचा हिशेब: क्ष + य = ४० ...(१)
पैशांचा हिशेब: २क्ष + ५य = १२५ ...(२)

(१) ला २ ने गुणून (२) मधून वजा केलं की ३य = ४५, म्हणून य = १५ आणि क्ष = २५. ताळा: ५० + ७५ = १२५. जमलं.

एक नियम मनात पक्का ठेवा: एका समीकरणात एकच गोष्ट मोजायची. प्रत्येक समीकरणाशेजारी पेन्सिलीनं ‘नग’ किंवा ‘रुपये’ असं लिहून ठेवा. क्ष + ५य = १२५ असं काही लिहिलं गेलं, तर शेजारी कुठला शब्द लिहायचा हेच कळणार नाही, कारण क्ष हे नग आहेत आणि ५य हे रुपये. चूक तिथल्या तिथे सापडते.

२. क्ष म्हणजे नाणी धरायची की रुपये?

दोन्ही चालतं. अट एकच, आधी ठरवा आणि लिहा. ‘क्ष = २ रुपयांची नाणी’ हे वाक्य अर्धवट आहे, कारण त्यातून संख्या समजायची की रक्कम, हे कळत नाही. ‘क्ष = २ रुपयांच्या नाण्यांची संख्या’ असं पूर्ण लिहा.

क्ष आणि य या रकमा मानल्या तर वरचंच उदाहरण असं दिसेल: क्ष + य = १२५ आणि क्ष/२ + य/५ = ४०. उत्तर येतं क्ष = ५०, य = ७५. तेही बरोबर, पण ते रुपये झाले. विचारली आहेत नाणी, म्हणून ५० ला २ ने आणि ७५ ला ५ ने भागायचं राहतं, आणि पुष्कळ मुलं नेमकी तिथेच थांबतात. शिवाय अपूर्णांक फुकटचे वाढतात. प्रश्नात नाणी विचारली असतील तर संख्याच मानलेली बरी.

नोटा, बसची पूर्ण आणि अर्धी तिकिटं, कुंद्याची पाव किलोची आणि अर्ध्या किलोची पाकिटं, या सगळ्यांची मांडणी अशीच होते. नग एकीकडे, नग गुणिले दर दुसरीकडे.

३. पन्नास पैसे आले की माझं उत्तर हमखास चुकतं. का?

एकाच समीकरणात रुपये आणि पैसे एकत्र येतात म्हणून. समजा गल्ल्यात ५० पैशांची आणि १ रुपयाची मिळून ७० नाणी आहेत आणि रक्कम ४८ रुपये आहे. घाईत ५०क्ष + य = ४८ असं लिहिलं जातं. इथे ५०क्ष हे पैसे आहेत, य आणि ४८ हे रुपये. त्यातून क्ष + य = ७० वजा केलं की ४९क्ष = −२२. नाणी उणे कशी असतील?

सगळं पैशांत आणा: ५०क्ष + १००य = ४८००. दोन्ही बाजूंना ५० ने भागा: क्ष + २य = ९६. आता क्ष + य = ७० वजा केलं की य = २६, क्ष = ४४. ताळा: २२ + २६ = ४८ रुपये.

रुपयांतच राहायचं असेल तर ०.५क्ष + य = ४८ लिहिलं तरी तेच उत्तर येतं. दशांश चिन्ह सुटण्याची धास्ती असेल तर पैशांची वाट धरा.

जाता जाता: ५० पैशांचं नाणं कायद्यानं अजून चालतं, पण एका व्यवहारात १० रुपयांपर्यंतच. १ रुपया आणि त्यावरच्या नाण्यांना ही मर्यादा १००० रुपयांची आहे. म्हणजे वरची ४४ नाणी कुणी एकदम पुढे केली तर दुकानदार ती नाकारू शकतो. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. पुस्तकांत मात्र ती अजून खुळखुळतात, म्हणून २५क्ष दिसलं तर बिचकू नका.

४. ‘पेक्षा ७ जास्त’, ‘दुपटीपेक्षा ३ कमी’ — हे ७ आणि ३ कुठल्या बाजूला मिळवायचे?

सगळ्यात जास्त गुण इथेच जातात, म्हणून जरा सावकाश पाहू.

मराठी वाक्यात ज्याच्याशी तुलना करायची ते आधी येतं आणि त्याला ‘पेक्षा’ लागतं. ‘दोनच्या नाण्यांपेक्षा पाचची नाणी ७ जास्त आहेत.’ डावीकडून वाचता वाचता लिहीत गेलं की क्ष + ७ असं काहीतरी तयार होतं आणि पुढे य कुठे ठेवायचा ते सुचत नाही. किंवा आधी क्ष आला म्हणून क्ष = य + ७ असं उलटं लिहिलं जातं.

यावर उपाय: कर्ता शोधा. जास्त कोण आहे? पाचची नाणी. मग समीकरण त्यांच्यापासून सुरू करा: य = क्ष + ७. मग एक सोपी संख्या घालून पाहा. दोनची नाणी १० असतील तर पाचची किती? वाक्य पुन्हा वाचा, १७. समीकरणात क्ष = १० घातलं की य = १७ येतंय ना? येतंय, पुढे चला. या पडताळणीला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत.

आता अवघड वाक्य: ‘पाचची नाणी दोनच्या नाण्यांच्या दुपटीपेक्षा ३ ने कमी आहेत.’ ‘पेक्षा’ च्या आधीचा सगळा भाग, म्हणजे ‘दोनच्या नाण्यांची दुप्पट’, हा एक गठ्ठा आहे: २क्ष. त्यातून ३ काढायचे: य = २क्ष − ३. इथे दोन चुका नेहमी दिसतात. एक, य = ३ − २क्ष. दुसरी, य = २(क्ष − ३), म्हणजे आधी ३ कमी करून मग दुप्पट. क्ष = १० घालून बघा. वाक्याप्रमाणे वीसमधून ३ गेले, १७. पहिल्या चुकीत −१७ येतात, दुसरीत १४.

या उदाहरणात आणखी एक खोच आहे. २क्ष दोनदा येतं. संख्येच्या समीकरणातलं २क्ष म्हणजे क्ष च्या दुप्पट नाणी. पैशांच्या समीकरणातलं २क्ष म्हणजे दोन रुपयांच्या नाण्यांचे रुपये. दिसायला सारखी, मोजतात वेगवेगळं. एकूण रक्कम १०५ रुपये असेल तर:

य = २क्ष − ३ (नग)
२क्ष + ५य = १०५ (रुपये)

य ची किंमत दुसऱ्यात ठेवा: २क्ष + १०क्ष − १५ = १०५, म्हणून १२क्ष = १२०, क्ष = १०, य = १७. ताळा: २० + ८५ = १०५.

दीडपट, सव्वापट, निमपट आलं की अपूर्णांक लगेच घालवा. ‘पाचची नाणी दोनच्या नाण्यांच्या दीडपट’ म्हणजे य = ३क्ष/२, म्हणजेच २य = ३क्ष. आणि ‘तिप्पट जास्त’ असं कुणी लिहिलं असेल तर शालेय उदाहरणांत ते तिप्पट, ३क्ष, असंच घेतात. बोलण्यातला ढिलेपणा आहे तो. प्रश्न काढणाऱ्यांनी खरं तर टाळायला हवा.

५. ‘पाचच्या नाण्यांची रक्कम ३१ नं जास्त’ आणि ‘पाचची नाणी ३१ नं जास्त’ यात फरक काय?

जमीन-अस्मानाचा. पहिलं वाक्य पैशांबद्दल आहे: ५य = २क्ष + ३१. दुसरं संख्येबद्दल: य = क्ष + ३१. प्रश्न वाचताना ‘रक्कम’, ‘किंमत’, ‘मूल्य’, ‘रुपये’ या शब्दांखाली एक रेघ आणि ‘संख्या’, ‘नाणी’, ‘नग’ या शब्दांखाली दोन रेघा मारायची सवय लावा.

समजा एकूण नाणी ३० आहेत आणि पाचच्या नाण्यांची रक्कम दोनच्या नाण्यांच्या रकमेपेक्षा ३१ रुपयांनी जास्त आहे. ५य − २क्ष = ३१ आणि क्ष + य = ३०. दुसऱ्याला २ ने गुणून मिळवा: ७य = ९१, य = १३, क्ष = १७. ताळा: ६५ − ३४ = ३१.

‘दोन्ही प्रकारच्या नाण्यांची रक्कम सारखीच आहे’ म्हणजे २क्ष = ५य. क्ष = य नव्हे.

६. लोप पद्धत, प्रतिस्थापन, आलेख की क्रेमर? कोल्हापूरहून आणलेल्या गाइडमध्ये क्रेमर आहे, आमच्या पुस्तकात नाही.

सीमाभागातल्या घरांत हा गोंधळ नेहमीचा आहे. महाराष्ट्राच्या दहावीच्या बीजगणितात निश्चयक (चलांपुढच्या आकड्यांची चौकटीतली मांडणी) आणि त्यांवरून उत्तर काढणारी क्रेमरची पद्धत आहे. कर्नाटकच्या एसएसएलसीचा, म्हणजे दहावीच्या परीक्षेचा, भर आलेख, प्रतिस्थापन (एका चलाची किंमत दुसऱ्या समीकरणात ठेवणं) आणि लोप (समीकरणं मिळवून किंवा वजा करून एक चल घालवणं) या पद्धतींवर आहे. पलीकडचं गाइड सरावाला उत्तम, शाब्दिक उदाहरणं त्यात भरपूर मिळतात. पण पेपरात आपल्या पुस्तकातल्या पद्धतीनंच सोडवा, आणि प्रश्नात पद्धतीचं नाव दिलं असेल तर तीच वापरा.

निवड तुमच्यावर सोडली असेल तर सरळ बघा. एक समीकरण य = ... अशा रूपात आयतंच मिळालं असेल (प्रश्न ४) तर प्रतिस्थापन. क्ष + य = ४० सारखं असेल (प्रश्न १) तर लोप. आलेखाची वाट नाण्यांना फारशी सोयीची नाही: रेषा अखंड निघते, पण अर्थ फक्त पूर्णांकांच्या बिंदूंना असतो, आणि १२५ रुपयांसाठी आलेखाचं प्रमाण ठरवण्यातच वेळ जातो.

घरी भाऊ कन्नड माध्यमात आणि बहीण मराठी माध्यमात असेल तर पद्धतींची नावं वेगळी ऐकू येतील. पायऱ्या तंतोतंत त्याच आहेत, एकमेकांच्या वह्या खुशाल बघाव्यात.

७. आमचे आजोबा समीकरण न मांडता तोंडी उत्तर सांगतात. ते कसं? आणि पेपरात तसं चालेल का?

प्रश्न १ मधलीच ४० नाणी घ्या. आजोबा सगळी नाणी दोनचीच धरतात, म्हणजे ८० रुपये. हवेत १२५, कमी पडतात ४५. एक दोनचं नाणं काढून पाचचं ठेवलं की ३ रुपये वाढतात. ४५ भागिले ३, म्हणजे १५ नाणी पाचची. उरलेली २५ दोनची.

ही लोप पद्धतच आहे. (१) ला २ ने गुणणं म्हणजे ‘सगळी दोनची धरू’, आणि वजाबाकीतून उरलेलं ३य = ४५ म्हणजे कमी पडलेले ४५. मुलांना लोप पद्धत समजत नसेल तर आधी आजोबांची रीत दाखवा आणि मग समीकरण शेजारी लिहा. आमच्या मते शिकवण्याचा याहून सोपा रस्ता नाही.

पेपरात ‘समीकरणं मांडून सोडवा’ म्हटलं असेल तर तोंडी रीत पुरणार नाही, पण ताळ्यासाठी ती झकास आहे.

८. उत्तर अपूर्णांकात किंवा ऋण आलं. चूक माझी की प्रश्नाची?

सोडवायच्या आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, रक्कम शक्य आहे का? २ आणि ५ ची ४० नाणी कमीत कमी ८० रुपयांची आणि जास्तीत जास्त २०० रुपयांची होतील. प्रश्नात २१० दिले असतील तर दोनची नाणी ऋण येणारच. (१० रुपये जास्त झाले, ३ ने भाग जात नाही, म्हणून अपूर्णांकही येतो.)

दुसरी, भाग जातो का? रकमेतून ८० वजा करा आणि ३ ने भागा. १२५ ला ४५ उरतात, जातो. १२६ असतील तर ४६, जात नाही, म्हणजे पूर्ण नाणी मिळणार नाहीत.

या दोन्ही चाचण्यांत प्रश्न पास झाला आणि तरी उत्तर विचित्र आलं, तर चूक तुमच्याकडे आहे. ऋण उत्तर बहुधा एककांच्या भेसळीतून येतं (प्रश्न ३) किंवा ‘पेक्षा’ उलटा लागल्यामुळे (प्रश्न ४). अपूर्णांक बहुतेक वेळा वजाबाकीतल्या चिन्हामुळे: दुसऱ्या समीकरणातलं प्रत्येक पद वजा करायचं असतं, उजवीकडचंसुद्धा.

प्रश्न नापास झाला तर आकडे उतरवून घेताना चुकलात का ते आधी पाहा. छपाईचीच चूक वाटत असेल तर मांडणी पूर्ण करा, निघालेली किंमत लिहा आणि ‘नाण्यांची संख्या पूर्ण हवी, म्हणून दिलेली माहिती जुळत नाही’ असं एक वाक्य खाली टाका. अर्धवट खोडून टाकू नका, पायऱ्यांचे गुण असतात.

९. पेपरात नेमकं काय काय लिहायचं?

मानलेलं वाक्य (क्ष आणि य म्हणजे कशाची संख्या), दोन समीकरणं क्रमांकासह, सोडवणूक, आणि शेवटी पूर्ण वाक्यात उत्तर: ‘२ रुपयांची २५ आणि ५ रुपयांची १५ नाणी आहेत.’ नुसतं क्ष = २५, य = १५ वर थांबू नका. ताळा मागितला नसेल तरी एका ओळीत घ्या. तो दोन्ही अटींवर घ्यायचा, एका अटीवर नव्हे; क्ष = ३०, य = १० सुद्धा क्ष + य = ४० मध्ये बसतं.

१०. जुन्या पुस्तकात चवल्या, पावल्या, आणे आहेत. ते पैशांत आणून सोडवायचं का?

नाही, आण्यांतच सोडवा. जुन्या हिशेबात १ रुपया म्हणजे १६ आणे, १ आणा म्हणजे ४ पैसे, म्हणून रुपयाचे ६४ पैसे. चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची, अधेली आठ आण्यांची. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले.

बोलताना आपण आजही ५० पैशांना आठ आणे म्हणतो, आणि तिथे हिशेब बरोबर जुळतो. पावलीलाही जुळतो, २५ पैसे. पण चवली झाली साडेबारा पैसे आणि एक आणा सव्वासहा. तिथून पुढे आकडेमोड किचकट होते.

समजा चवल्या आणि पावल्या मिळून ३० आहेत, रक्कम ५ रुपये ४ आणे. रकमेचे आणे करा: ५ × १६ + ४ = ८४. मग क्ष + य = ३० आणि २क्ष + ४य = ८४. दुसऱ्याला २ ने भागा: क्ष + २य = ४२. वजाबाकी केली की य = १२ पावल्या, क्ष = १८ चवल्या. ५ रुपये ४ आणे हे ५.४ असं लिहिलंत तर मात्र संपलं.

११. सोडवता सोडवता दोन्ही चलं गेली आणि ० = ० उरलं. आता?

याचा अर्थ दोन समीकरणं दिसली तरी माहिती एकच होती. १० रुपयांच्या नाण्यांवर हे छान दिसतं. या नाण्याच्या १४ रचना चलनात असून त्या सगळ्या वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं होतं. समजा दोन वेगळ्या छापांची १० रुपयांची मिळून २५ नाणी आहेत आणि रक्कम २५० रुपये.

क्ष + य = २५
१०क्ष + १०य = २५०

दुसरं म्हणजे पहिल्याचीच दहापट. छाप वेगळा, किंमत सारखी, म्हणून रकमेतून नवीन काहीच कळत नाही. क्ष ० पासून २५ पर्यंत काहीही असू शकतो. रक्कम २४० दिली असती तर ० = १० सारखं अशक्य विधान उरलं असतं, म्हणजे एकही उत्तर नाही. सहगुणकांची (चलांपुढच्या आकड्यांची) गुणोत्तरं समान आणि स्थिरपदांचंही (चल नसलेल्या आकड्यांचंही) तेच असेल तर समीकरणांना अनंत उत्तरं; नाणी पूर्ण हवीत म्हणून इथे ती २६ च. सहगुणकांची समान आणि स्थिरपदांचं वेगळं असेल तर उत्तर नाही.

याचाच चोरटा प्रकार: ‘दोनची नाणी पाचच्या चौपट आहेत’ आणि पुढे ‘पाचची नाणी दोनच्या पाव आहेत’. वाक्यं दोन, अट एकच. तिसरी माहिती प्रश्नात कुठे लपली आहे ते शोधा.

१२. ‘दोनची जितकी तितकी पाचची आणि पाचची जितकी तितकी दोनची असती तर...’ हे कसं मांडायचं?

इथे नगांचं समीकरण नसतं, दोन्ही पैशांचीच असतात. प्रश्न १ मधला नियम मोडत नाही, कारण प्रत्येक समीकरण एकच गोष्ट मोजतंय. समजा आत्ताची रक्कम ९९ रुपये आणि अदलाबदल केल्यावर १११.

२क्ष + ५य = ९९
५क्ष + २य = १११

नेहमीसारखं गुणत बसू नका. बेरीज: ७क्ष + ७य = २१०, म्हणून क्ष + य = ३०. दुसऱ्यातून पहिलं वजा: ३क्ष − ३य = १२, म्हणून क्ष − य = ४. यातून क्ष = १७, य = १३. सहगुणक उलटसुलट दिसले की ही बेरीज-वजाबाकी आठवायची.

१३. एकानं दुसऱ्याला पैसे दिले की समीकरण चुकतं. काय राहून जातं?

देणाऱ्याचे कमी करायचे राहतात. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात या तऱ्हेचं एक उदाहरण आहे. त्याचा आशय असा: एक जण मित्राला म्हणतो, तू मला १०० दे, मग माझ्याकडे तुझ्या दुप्पट होतील. मित्र म्हणतो, तूच मला १० दे, मग माझ्याकडे तुझ्या सहापट होतील.

पहिल्याकडे क्ष आणि मित्राकडे य मानू. क्ष + १०० = २य असं लिहिलं की बिघडलं. शंभर दिल्यावर मित्राकडे य − १०० उरतात, आणि दुप्पट त्या उरलेल्याची.

क्ष + १०० = २(य − १००), म्हणजे क्ष − २य = −३००
य + १० = ६(क्ष − १०), म्हणजे ६क्ष − य = ७०

दुसऱ्यातून य = ६क्ष − ७० घेऊन पहिल्यात ठेवा: क्ष = ४०, य = १७०. कंस न घालता ६क्ष − १० लिहिणं ही इथली दुसरी ठरलेली चूक. व्यवहाराच्या आधी आणि नंतर दोघांची बेरीज तीच राहते, २१०. तेवढं तपासलं तरी बरंच कळतं.

१४. तीन प्रकारची नाणी असतील तर दोन समीकरणांत कसं बसवायचं?

दहावीपर्यंतच्या अशा उदाहरणांत तिसरा प्रकार बहुधा दुसऱ्या कुणाशी तरी बांधलेला असतो. ‘१, २ आणि ५ रुपयांची मिळून ५० नाणी, रक्कम १३१ रुपये, एकची आणि दोनची नाणी समान.’ समान असलेल्या दोघांना एकच चल द्या.

नग: क्ष + क्ष + य = ५०, म्हणजे २क्ष + य = ५०
रुपये: क्ष + २क्ष + ५य = १३१, म्हणजे ३क्ष + ५य = १३१

य = ५० − २क्ष ठेवलं की ७क्ष = ११९, क्ष = १७, य = १६. एकची १७, दोनची १७, पाचची १६. इथे २क्ष + य = ५० मधलं २क्ष पुन्हा नगच आहेत, रुपये नव्हेत (प्रश्न ४ मधली खोच).

१५. तीन प्रकार आहेत, बांधणारी अटही नाही, दोनच समीकरणं होतात. प्रश्न चुकीचा आहे का?

असेलच असं नाही. नाणी पूर्ण हवीत, ही न लिहिलेली अट कामाला येते. जत्रेतल्या दुकानदारानं १०० रुपयांची मोड २, ५ आणि १० च्या बरोबर २० नाण्यांत दिली. प्रत्येक प्रकारचं निदान एक नाणं आहे.

क्ष + य + झ = २०
२क्ष + ५य + १०झ = १००

क्ष चा लोप करा: ३य + ८झ = ६०. ६० आणि ३य या दोघांना ३ ने भाग जातो, म्हणून ८झ लाही जायला हवा. म्हणजे झ ही ३ ची पट. झ = ३ घेतलं तर य = १२, क्ष = ५. झ = ६ घेतलं तर य = ४, क्ष = १०. झ = ९ ला ८झ = ७२, साठाच्या पुढे गेलं. म्हणजे उत्तरं दोनच. प्रश्नात ‘पाचची नाणी दहाच्या नाण्यांपेक्षा जास्त’ असं असेल तर पहिलंच उरतं.

पूर्णांकांतच उत्तर शोधण्याची ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. आर्यभटानं इ.स. ४९९ च्या सुमारास तिची रीत दिली, पुढे तिला कुट्टक म्हणू लागले. एसएसएलसीला ती लागत नाही, स्पर्धा परीक्षांना लागते.

१६. नाणी न मोजता वजनावरून समीकरण मांडता येईल का?

येईल. फक्त दोन्ही प्रकारची नाणी एकाच मालिकेतली, म्हणजे एकाच वेळी काढलेल्या नमुन्यांची, हवीत. २०११ च्या मालिकेतलं १ रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं आणि २ रुपयांचं ४.८५ ग्रॅमचं आहे. ६० नाण्यांचं वजन २५३.९ ग्रॅम भरलं तर:

क्ष + य = ६०
३.७९क्ष + ४.८५य = २५३.९

आजोबांच्या रीतीनं (प्रश्न ७): सगळी एकची धरली तर २२७.४ ग्रॅम. फरक २६.५. एका नाण्यामागे फरक १.०६. म्हणून य = २५, क्ष = ३५, रक्कम ८५ रुपये.

वर्गात प्रयोग करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. सहगुणकांतला फरक जेमतेम एक ग्रॅम आहे, म्हणून काट्यात एका ग्रॅमची चूक झाली की उत्तर साधारण एका नाण्यानं सरकतं, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. आणि नाण्यांवरची सालं बघून वेगळी करा. २०१९ च्या मालिकेत १ रुपया ३.०९ ग्रॅमचा आणि २ रुपये ४.०७ ग्रॅमचे आहेत. नव्या मालिकेतली दोनची नाणी जुन्या एकच्या नाण्यांत मिसळली की वजनातला फरक ०.२८ ग्रॅमवर येतो, आणि मग समीकरण बरोबर असूनही उत्तर भलतंच येतं.